एक्सएमएल फाइल हाताळायची कशी: डॉम, रीडर की सिरियलायझर?

डेस्कटॉप प्रोग्रामात एक्सएमएल फाइल (टॅगमध्ये माहिती मांडलेली मजकुराची फाइल) वाचायची वेळ आली की बहुतेक जण आधी वेगाबद्दल विचारतात. कोणता पार्सर (फाइल वाचून तिची रचना उलगडणारा भाग) फास्ट? माझ्या मते हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: फाइल कोणाची? ती फक्त तुमचाच प्रोग्राम लिहितो आणि वाचतो, की दुसऱ्याच्या प्रोग्रामातून येते आणि परत तिकडेच जाते? दुसरा प्रश्न: वाचून झाल्यावर ती पुन्हा लिहायची आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निवड बरीचशी होऊन जाते. आकार आणि वेग त्यानंतर.

उदाहरणं मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली घेतो, कारण सगळे मार्ग तिथे मुळातच हाताशी असतात. जावा आणि पायथनमध्ये कुठे वेगळं वागावं लागतं ते ओघात सांगतो.

तुलनेसाठी एकच काम धरू. पुस्तकांची यादी असलेली एक फाइल आहे. प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, शीर्षक, लेखक आणि पृष्ठसंख्या त्यात आहे. प्रोग्रामने ती उघडायची, एका पुस्तकाची चुकलेली पृष्ठसंख्या दुरुस्त करायची आणि सेव्ह करायची. बाकी काहीही हलता कामा नये.

अख्खं झाड मेमरीत

एक्सएमएल १.० हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉमची (डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल) पहिली पातळी आली. डॉमची पद्धत अशी: पूर्ण फाइल वाचायची, तिचं झाड मेमरीत उभं करायचं, मग हव्या त्या फांदीवर जाऊन हवा तो बदल करायचा. डॉटनेटमध्ये हे काम एक्सएमएलडॉक्युमेंट हा क्लास पहिल्या आवृत्तीपासून करतो. २००७ मध्ये डॉटनेट ३.५ बरोबर लिंक टू एक्सएमएल आलं आणि त्यातून एक्सडॉक्युमेंट आणि एक्सएलिमेंट मिळाले.

या दोघांतच निवड करायची असेल तर नव्या कामाला एक्सडॉक्युमेंट घ्या. जुन्या प्रोग्रामात एक्सएमएलडॉक्युमेंट नीट चालत असेल तर तो उगाच उपटू नका.

एक्सडॉक्युमेंटच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं कारण नेमस्पेस (टॅगचं नाव कोणत्या रचनेतलं आहे हे सांगणारी ओळख) हे आहे. फाइलीच्या मूळ टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस असेल आणि तुम्ही एक्सपाथमध्ये (झाडातले टॅग शोधायची भाषा) नुसतं 'पुस्तक' शोधलंत, तर काहीच सापडत नाही. एररही येत नाही, रिकामी यादी हातात येते. टॅग डोळ्यांसमोर दिसतोय आणि प्रोग्राम मात्र नाही म्हणतोय, यात नवख्या माणसाचे तासन्‌तास जातात. एक्सएमएलडॉक्युमेंटमध्ये त्यासाठी वेगळा नेमस्पेस मॅनेजर बनवून त्यात एक प्रीफिक्स (टॅगच्या नावाआधी लागणारं छोटं नाव) नोंदवावा लागतो, फाइलीत तसा प्रीफिक्स नसला तरीही. एक्सडॉक्युमेंटमध्येही नेमस्पेस द्यावीच लागते, पण ती थेट टॅगच्या नावाला जोडली जाते. त्यामुळे कोड वाचणाऱ्याला ती दिसते.

दुसरं कारण आकड्यांचं. एक्सएलिमेंटमधली किंमत थेट पूर्णांकात किंवा दशांशात कास्ट करता येते आणि ते रूपांतर कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून नसतं. मजकूर काढून स्वतः पार्स केला, तर दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरणाऱ्या मशीनवर १२.५ चे १२५ होऊ शकतात. डेस्कटॉप प्रोग्राम कोणत्या सेटिंगच्या मशीनवर चालेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून हा मुद्दा सर्व्हरपेक्षा इथे जास्त महत्त्वाचा.

आपलं काम झाड-पद्धत चोख करते. पृष्ठसंख्या बदलते, बाकीचे टॅग, अनोळखी टॅग, कॉमेंट, क्रम, सगळं जागच्या जागी राहतं. टिकत नाही ती फक्त मांडणी. मूळ मोकळ्या जागा टाकून देऊन सेव्ह करताना नवी मांडणी करायची, हे डीफॉल्ट वागणं आहे. वाचताना 'प्रिझर्व्ह व्हाइटस्पेस' आणि लिहिताना 'डिसेबल फॉरमॅटिंग' दिलंत तर मांडणी बरीच वाचते. पण एकाच टॅगमधली अ‍ॅट्रिब्यूट्स (टॅगच्या आत लिहिलेल्या नाव-किंमतीच्या जोड्या) कोणी वेगवेगळ्या ओळींवर लिहिली असतील, तर ती तरीही एका ओळीत येतात. फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) असेल तर ही गोष्ट टीमला आधीच सांगून ठेवा.

पायथनच्या एलिमेंटट्रीबद्दल इथे एक सावधगिरी. तो झाडच बनवतो, पण साध्या वापरात कॉमेंट टाकून देतो, आणि नेमस्पेसचे प्रीफिक्स आधी नोंदवले नाहीत तर लिहिताना एनएस० असे स्वतःचे प्रीफिक्स लावतो. दुसऱ्याची फाइल जपून परत द्यायची असेल तर पायथनमध्ये एलएक्सएमएल ही लायब्ररी घ्यावी.

झाडाचा तोटा मेमरी. प्रत्येक टॅगचा, अ‍ॅट्रिब्यूटचा, मजकुराच्या तुकड्याचा एक ऑब्जेक्ट बनतो आणि डॉटनेटमधली स्ट्रिंग यूटीएफ-१६ (अक्षराला किमान दोन बाइट) असल्यामुळे इंग्रजी मजकूर दुप्पट जागा घेतो. त्यामुळे मेमरी फाइलीच्या काही पट लागते. १०–२० एमबीच्या फाइलीला आजच्या मशीनवर याची चिंता करू नये. काही शे एमबी असतील आणि प्रोग्राम अजून ३२ बिटांचा असेल, तर अडचण नक्की येणार, कारण विंडोजवर अशा प्रोग्रामाला साधारणपणे २ जीबीच पत्ते मिळतात.

वाचत पुढे जाणं

इथे दोन पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.

सॅक्समध्ये पार्सर तुम्हाला हाक मारतो: टॅग सुरू झाला, मजकूर आला, टॅग संपला. आपण कुठे आहोत हे तुम्हीच व्हेरिएबलमध्ये लक्षात ठेवायचं. एक जुनी चूक यात हमखास होते. एका टॅगमधला मजकूर एकाच हाकेत येईल अशी खात्री सॅक्स देत नाही, तो दोन-तीन तुकड्यांत येऊ शकतो. छोट्या फाइलीवर सगळं बरोबर चालतं आणि मोठ्या फाइलीत एखादं शीर्षक मधेच कापलं जातं. तुकडे जोडत राहायचे आणि टॅग संपल्यावरच वापरायचे, हाच उपाय. नव्या डेस्कटॉप कामासाठी सॅक्स निवडावा असं मला वाटत नाही. क्यूटी या सी++ लायब्ररीनेही आपले सॅक्सचे क्लास सहाव्या आवृत्तीत मुख्य लायब्ररीतून काढून जुन्या कोडच्या सोयीसाठी ठेवलेल्या मॉड्यूलमध्ये हलवले.

रीडरमध्ये उलट असतं. पुढचा नोड (टॅग, मजकूर असा एक तुकडा) दे, असं तुम्ही सांगता. डॉटनेटचा एक्सएमएलरीडर, जावा ६ पासून आलेला स्टॅक्स, क्यूटीचा स्ट्रीमरीडर, हे सगळे याच घरातले. कोड वरून खाली वाचता येतो आणि मेमरी फाइलीच्या आकाराबरोबर वाढत नाही. डेस्कटॉपसाठी आणखी एक फायदा आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. लूप तुमच्या हातात असल्यामुळे 'रद्द करा' बटण दाबल्यावर मधेच थांबता येतं, आणि स्ट्रीम किती वाचून झाली त्यावरून प्रगतीची पट्टी बऱ्यापैकी खरी दाखवता येते. झाड उभं करणारी लोड मेथड एकदा सुरू झाली की संपेपर्यंत गप्प असते. अर्थात मोठी फाइल कोणत्याही पद्धतीने वाचा, ती विंडोच्या मुख्य थ्रेडवर वाचू नका.

आपलं काम मात्र रीडरला एकट्याने जमत नाही. तो फक्त पुढे जातो, बदल करत नाही. मग रायटर शेजारी घ्यायचा, एकातून वाचत दुसऱ्यात जसंच्या तसं उतरवत जायचं आणि फक्त ती पृष्ठसंख्या बदलून लिहायची. एका आकड्यासाठी हा खटाटोप मोठा आहे, पण १ जीबीच्या फाइलीला दुसरा चांगला मार्ग मला माहीत नाही.

मधला मार्ग मला सगळ्यात आवडतो. रीडरने पुस्तकाच्या टॅगपर्यंत यायचं, आणि रीडफ्रॉम मेथडने तेवढ्याच एका पुस्तकाचं छोटं झाड बनवायचं. वापरून झालं की पुढचं. मेमरी एका पुस्तकापुरती आणि कोड लिंक टू एक्सएमएलइतका वाचनीय. पण खाचखळगा नीट समजून घ्या: रीडफ्रॉम संपतो तेव्हा रीडर आधीच पुढच्या नोडवर गेलेला असतो. लूपमध्ये तुम्ही पुन्हा रीड बोलावलंत तर तो नोड सुटतो. नीट मांडलेल्या फाइलीत सुटते ती दोन टॅगमधली मोकळी जागा, म्हणून चूक कळतच नाही. सलग एका ओळीत लिहिलेली फाइल आली की एक सोडून एक पुस्तक गायब होतं. टेस्टसाठी दोन्ही प्रकारच्या फायली ठेवाच. पायथनमध्ये हेच काम इटरपार्स करतो. तिथे वापरून झालेला एलिमेंट क्लिअर करायला विसरलात तर हळूहळू अख्खं झाड मेमरीत साठतं आणि रीडर घेतल्याचा हेतूच संपतो.

टॅग विसरून ऑब्जेक्ट

एक्सएमएलसिरियलायझरला एक क्लास द्यायचा, की फाइलीतून त्याचे ऑब्जेक्ट थेट हातात. टॅगची नावं कोडभर विखुरलेली नाहीत, आणि यादी स्क्रीनवरच्या ग्रिडला सरळ जोडता येते. स्वतःच्या प्रोग्रामाची सेटिंग्ज, स्वतःचा फाइल फॉरमॅट, यासाठी मी हाच घेतो.

त्याच्या अटी आहेत. क्लास पब्लिक हवा, पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर हवा, डिक्शनरी चालत नाही. फाइलीत पृष्ठसंख्येचा टॅग नसेल तर साध्या पूर्णांकात ० येतो, म्हणजे 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांतला फरक पुसला जातो. शिवाय सिरियलायझरचे काही कन्स्ट्रक्टर वापरले, उदाहरणार्थ मूळ टॅगचं नाव देणारा, तर डॉटनेट आतून बनवलेला कोड कॅश करत नाही आणि दर वेळी नवा बनवतो. दिवसभर उघडा राहणारा प्रोग्राम यामुळे मेमरी खात जातो. असा ऑब्जेक्ट एकदाच बनवून स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवा.

पण हे सगळं सांभाळता येतं. ज्यावर निवड खरी अडते ती गोष्ट वेगळी: तुमच्या क्लासला जे टॅग माहीत नाहीत, ते सिरियलायझर न बोलता सोडून देतो. नुसतं वाचायचं असेल तर बिघडत नाही. आपल्या कामात मात्र समजा फाइल पाठवणाऱ्याने 'आवृत्ती' असा टॅग जोडला, तर तुम्ही एक पृष्ठसंख्या बदलून सेव्ह कराल आणि फाइलीतल्या प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती पुसली जाईल. कॉमेंटही जातील. एररचा संदेश नाही. ज्याची माहिती गेली त्याला ते केव्हा कळेल हे सांगता येत नाही. अनोळखी टॅग साठवून ठेवणारी एनीएलिमेंटची सोय आहे, पण ती प्रत्येक पातळीच्या क्लासवर आठवणीने लावावी लागते.

फाइल तुमचीच असली तरी हा धोका आहे. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल कोणीतरी जुन्या आवृत्तीत उघडतं आणि सेव्ह करतं. म्हणून मूळ टॅगवर फॉरमॅटचा क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहा, आणि मोठा क्रमांक दिसला तर फाइल फक्त वाचण्यापुरती उघडा.

जावातल्यांनी लक्षात ठेवायचं ते इतकंच की जॅक्सबी (तिथली याच कामाची लायब्ररी) जावा ११ पासून जेडीकेत, म्हणजे जावाच्या मूळ संचात, नाही, ते वेगळं जोडावं लागतं.

कोणताही मार्ग घेतला तरी

बाहेरून येणाऱ्या फाइलीत डीटीडी (फाइलीच्या सुरुवातीचा, रचना आणि एंटिटी म्हणजे मजकुराची लघुनावं ठरवणारा भाग) चालू ठेवू नका. एका एंटिटीत दुसरीचे दहा संदर्भ, तिच्यात तिसरीचे दहा, अशी साखळी रचून काही ओळींची फाइल मेमरीत अब्जावधी अक्षरांची होते. दुसऱ्या प्रकारात एंटिटीमधून मशीनवरची भलतीच फाइल वाचली जाते. एक्सएमएलरीडर क्रिएटने बनवला तर डीटीडी मुळातच बंद असतो. जुन्या डॉटनेटमधला एक्सएमएलडॉक्युमेंट आणि जावातले पार्सर यांच्यात मात्र हे स्वतः तपासून बंद करावं लागतं.

लिहिताना स्ट्रिंग जोडून टॅग बनवू नका. शीर्षकात एक अँपरसँड आला की फाइल मोडते. डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटरमध्ये लिहिलेल्या एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-१६ असं येतं. तोच मजकूर यूटीएफ-८ मध्ये डिस्कवर ठेवला तर पुढच्या वेळी पार्सर तो नाकारतो. थेट स्ट्रीमवर लिहा. आणि जुन्या फाइलीवरच लिहू नका: शेजारी तात्पुरती फाइल पूर्ण करा, मग अदलाबदल करा. मधेच वीज गेली तर वापरणाऱ्याचं काम अर्ध्या एक्सएमएलमध्ये अडकता कामा नये.

मग काय घ्यायचं

फाइल तुमची, रचना तुमच्या हातात: सिरियलायझर, फॉरमॅट क्रमांकासह. फाइल दुसऱ्याची आणि परत द्यायची: एक्सडॉक्युमेंट, यात मी तडजोड करणार नाही. दुसऱ्याची फाइल फक्त वाचायची आणि ती लहान असेल तर दोन्हीपैकी जे सोयीचं वाटेल ते. मोठी असेल तर रीडर आणि छोट्या झाडांचा मधला मार्ग. मोठी आहे आणि परतही लिहायची आहे, तर रीडर-रायटरची जोडी, वेळ लागला तरी. नक्की सांगता येत नसेल तेव्हा एक्सडॉक्युमेंटने सुरुवात करा. पुढे मेमरी कमी पडली तर वाचण्याचा भाग बदलता येतो, पण पुसलेला टॅग परत आणता येत नाही.

पक्कं करण्याआधी अर्ध्या तासाची एक चाचणी करा. खरी, वापरातली फाइल घ्या, शक्य असेल तर सगळ्यात मोठी. निवडलेल्या मार्गाने उघडा, काहीही न बदलता दुसऱ्या नावाने सेव्ह करा, आणि दोन्ही फायली फरक दाखवणाऱ्या टूलमध्ये शेजारी ठेवा. मोकळ्या जागांखेरीज जे जे लाल दिसेल, ते वापरणाऱ्याच्या मशीनवरही जाणार आहे.