कोडिंग: सक्तीचं की ऐच्छिक?

शाळेच्या समितीवरच्या मैत्रिणीला हायस्कूलसाठी हाच पेच पडलाय.

खर्चाचं सोडा, पायथन आणि स्क्रॅच या कोडिंगच्या दोन्ही भाषा फुकट आहेत. खरी अडचण शिक्षकांची. सक्ती केली की प्रत्येक तुकडीला जाणता माणूस हवा. नाहीतर मुलं लूपची (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या कोडची) व्याख्या घोकतात, लूप लिहीत नाहीत. कोडमधला एक कोलन (:) राहिला की अख्खा तास तो शोधण्यात जातो! ऐच्छिकला एखादा चांगला शिक्षकही पुरतो.

पोहोच मात्र सक्तीचीच. इंग्लंडनं २०१४पासून कम्प्युटिंग हा विषय, कोडिंगसकट, वयाच्या पाचव्या वर्षापासूनच ठेवलाय. ऐच्छिक वर्गात बहुधा आधीच गोडी लागलेली मुलं येतात. 'मला नाही जमणार' म्हणणारी मुलगी दारातूनच परत फिरते.

शिक्षक असतील तर एक वर्ष सक्ती, पुढे ऐच्छिक. नसतील तर तूर्त ऐच्छिकच बरं.