मेझ तुरुंगावरचे चित्रपट : आधी कोणता पाहावा?

उत्तर आयर्लंडमधल्या मेझ तुरुंगात कैद्यांनी १९८१ मध्ये केलेल्या उपोषणावर चित्रपट पाहायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं ते 'हंगर'चं. मीही तो पाहा असंच सांगेन, पण सुरुवात त्याच्यापासून करू नका. आधी 'सम मदर्स सन' पाहा.

प्रकरण काय होतं ते थोडक्यात. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी सशस्त्र लढणारी संघटना म्हणजे आयआरए. तिच्या कैद्यांना तुरुंगात विशेष दर्जा होता. ते स्वतःचे कपडे घालत, त्यांना सक्तीचं काम नसे. १ मार्च १९७६ नंतर घडलेल्या गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सरकारनं तो दर्जा बंद केला. त्याच सप्टेंबरात कीरन न्यूजंट या तरुणानं कैद्याचा पोशाख नाकारला आणि अंगावर नुसती घोंगडी गुंडाळली. त्याच्यामागे शेकडो जण घोंगडीवर आले. १९७८ पासून त्यांनी आंघोळ बंद केली, कोठडीच्या भिंती विष्ठेनं माखल्या. मागण्या पाचच होत्या : स्वतःचे कपडे, तुरुंगातलं काम नको, आपसात मिसळता यावं, आठवड्याला एक भेट, एक पत्र आणि एक पार्सल, आणि आंदोलनामुळे कापलेली शिक्षेतली सूट परत. १९८० मधलं पहिलं उपोषण ५३ दिवसांनी सुटलं. १ मार्च १९८१ ला बॉबी सँड्स या आयआरए कैद्यानं दुसरं सुरू केलं. उपाशी असतानाच ९ एप्रिलला तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि ५ मे रोजी, ६६ व्या दिवशी, वयाच्या २७ व्या वर्षी गेला. त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले.

'हंगर' (२००८, दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन) यातलं फारसं काही सांगत नाही. तो एका वॉर्डरपासून सुरू होतो. सुजलेली, सोललेली बोटं तो पाण्यात बुडवतो आणि घरातून निघताना गाडीखाली वाकून बॉम्ब नाही ना ते बघतो. मारणाऱ्या हातालाही दुखतं, हे इथं संवादाशिवाय कळतं. मधोमध सँड्स (मायकल फासबेंडर) आणि पाद्री (लियम कनिंगहॅम) एका टेबलाशी बसून बोलतात; कॅमेरा सुमारे सतरा मिनिटं जागचा हलत नाही. उपोषण म्हणजे आत्महत्या की लढा, हा वाद मी इतक्या नेटानं मांडलेला दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिला नाही. त्यानंतर उरतं ते फक्त झिजत जाणारं शरीर. पाहताना मला दोनदा थांबावं लागलं.

पण या ताकदीतच त्याची उणीव आहे. निवडणूक जवळपास नाही, बाहेरचे रस्ते नाहीत, बाकीचे नऊ जण शेवटच्या मजकुरापुरते. ज्याला इतिहास माहीत नाही त्याच्या मनात एका हुतात्म्याची प्रतिमा ठसते, आणि ती पुसणं मग अवघड जातं.

'सम मदर्स सन' (१९९६, दिग्दर्शक टेरी जॉर्ज) नेमका तिथून आत शिरतो जिथं 'हंगर' जात नाही : घरात. दोन आया आहेत, दोन्ही काल्पनिक. कॅथलीन (हेलन मिरन) शिक्षिका, विधवा, हिंसेचा तिटकारा असलेली. आपला मुलगा आयआरएत आहे हे तिला त्याच्या अटकेनंतर कळतं. अ‍ॅनी (फिनूला फ्लॅनगन) खेड्यातली, कट्टर रिपब्लिकन, म्हणजे एकसंध आयर्लंडच्या बाजूची. कॅथलीन अ‍ॅनीला गाडी चालवायला शिकवते, आणि त्या साध्या प्रसंगातून दोघींची मैत्री जुळते. मग तो प्रश्न येतो. उपोषण करणारा बेशुद्ध झाला की त्याला वाचवायचं की नाही, हे नातेवाइकांच्या सहीवर येतं. मुलाची इच्छा मोडायची, की त्याला डोळ्यांसमोर मरू द्यायचं? कॅथलीन सही करते, अ‍ॅनी करत नाही. दोघींपैकी एकीलाही चित्रपट चूक ठरवत नाही, आणि म्हणूनच तो मला या सगळ्यांत मोठा वाटतो.

आया काल्पनिक असल्या तरी हा पेच कल्पनेतला नव्हे. १९८१ च्या जुलैअखेरीपासून काही घरांनी खरोखर अशा सह्या केल्या, आणि ३ ऑक्टोबरला उपोषण संपलं त्यामागे हे मोठं कारण होतं. चित्रपटाचा दोषही सांगायला हवा. ब्रिटिश अधिकारी फार सपाट रंगवलेत, जणू क्रूरपणापलीकडे त्यांना काही सुचतच नाही. टेरी जॉर्ज सत्तरच्या दशकात स्वतः त्या तुरुंगात होते. ती कडवटपणाची धार जाणवते.

या चित्रपटानंतर 'एच-थ्री' (२००१, दिग्दर्शक लेस ब्लेअर) हाती घेतला तर त्याचं महत्त्व कळतं. ब्रायन कॅम्बेलसोबत तो लिहिणारे लॉरेन्स मॅककिओन स्वतः ७० दिवस उपाशी होते, आणि त्यांच्या आईनं उपचारांना संमती दिली म्हणून वाचले. दृश्यांच्या बाबतीत तो 'हंगर'च्या जवळपासही पोचत नाही. पण कोठडीतल्या पोरांची आपसातली सोबत, नव्यानं आलेल्याची भीती, हे त्यात राहून आलेल्या माणसाच्या नजरेनं आलंय. विषय मनात घर करून राहिला तर तो पाहा, एरवी सोडलात तरी चालेल.

बायकांना मात्र सोडू नका. आर्मा तुरुंगातल्या स्त्री कैद्यांनीही आंघोळ नाकारली होती, आणि १ डिसेंबर १९८० पासून मरेड फॅरेलसह तिघी पहिल्या उपोषणात उतरल्या. मेव्ह मर्फी यांचा 'सायलेंट ग्रेस' (२००१) त्यावर बेतलेला आहे. तो शोधायला कष्ट पडतील, तरीही शोधा.

पुढे काय उरलं, हा प्रश्न असेल तर दोन नावं. 'मेझ' (२०१७, दिग्दर्शक स्टीफन बर्क) उपोषणानंतरच्या तुरुंगात घडतो. २५ सप्टेंबर १९८३ ला तिथून ३८ कैदी पळाले, त्या बेताची ही गोष्ट. पण मला त्यात पळण्याच्या थरारापेक्षा लॅरी मार्लीचं ओझं धरून ठेवतं : दहा जण गेले आणि आपण जिवंत आहोत. ज्या वॉर्डरशी तो मतलबानं मैत्री करतो, त्याचं आयुष्यही तुरुंगानंच खाल्लेलं आहे. बेत आखणारा खरा मार्ली स्वतः मात्र पळाला नाही. दुसरा 'बॉबी सँड्स : सिक्स्टी सिक्स डेज' (२०१६), ब्रेंडन बर्न यांचा माहितीपट. सँड्सनं पहिले १७ दिवस लिहिलेल्या रोजनिशीचा त्याला आधार आहे. त्या एका निवडणुकीनं आयआरएशी जोडलेल्या शिन फेन या पक्षाला मतपेटीची वाट कशी दाखवली आणि ती १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारापर्यंत कशी पोचली, ते इथं उलगडतं.

अन्यायकर्त्याच्या दारात उपाशी बसण्याची चाल जुन्या आयरिश कायद्यातच होती, हे वाचल्यावर मला आपलं धरणं आठवलं. दुवा त्याहून जवळचाही आहे. १९२९ मध्ये जतीन दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा शोकाची तार आयर्लंडहून आली होती. १९२० मध्ये ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस उपाशी राहून मेलेल्या टेरेन्स मॅकस्विनी यांच्या घरून.

एक उणीव या सगळ्यांतच आहे. आयआरएनं ज्यांची माणसं मारली त्यांच्या घरात यातला कुठलाच चित्रपट फार वेळ थांबत नाही. 'हंगर'मध्ये वॉर्डरला त्याच्या म्हाताऱ्या आईसमोर गोळी घातली जाते, तेवढा एक क्षण. पाहताना ही रिकामी जागा लक्षात ठेवा.

तर एकच पाहणार असाल तर 'सम मदर्स सन'. दोन पाहणार असाल तर त्यानंतर 'हंगर', पण त्याच रात्री नको, आणि जेवणाआधी तर नकोच. माहितीपट तिसऱ्या दिवशी. बेलफास्टचे उच्चार आपल्या कानांना जड जातात, म्हणून सबटायटल सुरू ठेवा. पाद्र्याच्या त्या सतरा मिनिटांत एक वाक्यही निसटता कामा नये.