दोन दांड्यांचा कॅपर : ७ महिने आणि १९० बाटल्यांनंतर

घरी केलेल्या बिअरच्या पाचव्या घाण्याची चोविसावी बाटली. बाटलीवर पत्र्याचं बूच दाबून बसवणाऱ्या कॅपरच्या दोन्ही दांड्या खाली दाबल्या, कट्‌कन आवाज आला आणि बाटलीची मान पकडणारी एक पट्टी तुटून फरशीवर पडली. ओट्यावर आणखी चौदा बाटल्या, गॅस व्हावा म्हणून साखर घातलेल्या बिअरने भरून उघड्या. त्यात रविवारची संध्याकाळ, म्हणजे श्टुटगार्टमध्ये दुकानं बंद.

खालच्या मजल्यावरचे आजोबा दर वर्षी सफरचंदाचा रस बाटल्यांत भरतात, त्यांच्याकडे उभा कॅपर होता. तोंडांवर नुसती बुचं ठेवून एकेक बाटली जिन्याने खाली नेली. दहा मिनिटांत काम झालं. त्या दहा मिनिटांनी माझं मत बदललं.

त्याआधी मी या १८ युरोंच्या कॅपरवर अगदी खूश होतो. इथे जर्मनीत २०२४ पासून घरच्यापुरती वर्षाला ५०० लिटर बिअर करमुक्त करता येते. माझा घाणा जेमतेम २० लिटरचा, गाळ सोडून अर्ध्या लिटरच्या ३८ बाटल्या निघतात. बाटल्याही विकत आणाव्या लागत नाहीत. साध्या बुचाच्या बाटलीची अनामत, म्हणजे बाटली दुकानात दिली की परत मिळणारी रक्कम, ८ सेंट. वीस बाटल्या आणि क्रेट मिळून ३ युरो १० सेंट. एवढ्या स्वस्तात इतकी जाड काच कुठे मिळते?

पण इथेच घोळ आहे. हा कॅपर बाटलीच्या तोंडाखालचं काचेचं कडं दोन पट्ट्यांत धरतो आणि त्याच आधारावर बूच खाली दाबतो. म्हणजे सगळा भार त्या कड्यावर. माझ्याकडे मिळतील त्या क्रेटमधल्या तीन तऱ्हेच्या बाटल्या होत्या. उंच, सडपातळ बाटलीवर बूच सुरेख बसायचं. बुटक्या बाटलीवर पट्टी घसरायची, मी आणखी जोर लावायचो. त्या बुचांकडे जवळून पाहा: कडेला एकवीस दात असतात, ते सगळे सारखे खाली वळायला हवेत. माझ्या बुटक्या बाटल्यांवर एका बाजूचे चार-पाच दात बाहेर फाकलेले असायचे आणि बूच बोटांनी फिरायचं. फिरणारं बूच म्हणजे गॅस गेला. दुसऱ्या घाण्यातल्या सहा बाटल्या अशाच सपक निघाल्या आणि मी महिनाभर साखरेला दोष देत बसलो.

साखरेचा दोष पहिल्या घाण्यात मात्र खरा होता. तेव्हा प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकली होती. एक बाटली उघडताच अर्धी बाहेर, दुसरी थंड चहासारखी. आता १२५ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून रिकाम्या बादलीत आधी ओततो आणि नळीने बिअर त्यावर हळूच सोडतो, शिंतोडे न उडवता. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर तीन दिवस तोच आकडा दिसल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. आंबणं अर्धवट असेल तर बाटल्या फुटतात, आणि काचेशी खेळ नको. एक बाटली मुद्दाम प्लास्टिकची भरतो. तिची २५ सेंटची अनामत बुडते, ते दर वेळी मनाला लागतं, पण ती दाबून दगडासारखी लागली की बाकीच्यांत गॅस तयार झाल्याचं कळतं. खोलीच्या तापमानाला साधारण दोन आठवडे लागतात.

भरायच्या नळीच्या टोकाची झडप मात्र निर्दोष. टोक तळाला टेकलं की बिअर वाहते, उचललं की थांबते. काठोकाठ भरून नळी बाहेर काढली की वरती बरोबर हवी तेवढी जागा उरते. साडेचार युरोंची वस्तू, सात महिन्यांत थेंबभर गळली नाही.

तुटलेल्या पट्टीबद्दल विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की तो झिजणारा भाग आहे, हमीत बसत नाही. सात महिन्यांत झिजतो? मी परत लिहिलं: इथल्या कायद्याने पहिलं वर्षभर दोष मुळात नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं, गिऱ्हाइकाने नाही. तीन मेल झाल्या. चौथ्या दिवशी नवा कॅपर घरी आला. अठरा युरोंसाठी इतकं कशाला, असं बायको म्हणाली. पण पैसे कष्टाचे आहेत आणि वस्तू तुटायला नको होती.

नव्या कॅपरच्या खोक्यातल्या चित्रात पाहिलं तेव्हा समजलं की पट्ट्या उलटवता येतात: एका बाजूची खाच रुंद, दुसऱ्या बाजूची अरुंद. हे मला आधी माहीत असतं तर बुटक्या बाटल्यांवर एवढा जोर लावलाच नसता. म्हणून कॅपर टाकाऊ आहे असं आता म्हणणार नाही. एकाच तऱ्हेच्या बाटल्या जमवणार असाल आणि पट्टी जुळवून घेणार असाल तर जरूर घ्या. मिसळ बाटल्या असतील तर उभाच घ्या. तो बाटली बुडावर उभी ठेवून वरून दाबतो, मानेला धरतच नाही.

मी उभा मागवलाय, ३५ युरोंना. बुटक्या बाटल्या दुकानात परत देऊन अनामत घेतली. शनिवारी सहावा घाणा भरायचा आहे. ३८ उंच बाटल्या धुऊन तळघरात पालथ्या घातल्या आहेत.