शंभर वर्षांचं तापमान: कुठल्या नोंदींवर विसंबायचं?

आपल्या जिल्ह्याचं तापमान शंभर वर्षांत किती वाढलं, हे शोधायला बसलात तर आकडे फुकटात आणि ढिगानं मिळतात. अडतं ते निवडीपाशी. जीएचसीएन, बर्कली अर्थ, क्रूटेम, ईआरए५ हे तापमानाच्या आकड्यांचे जागतिक संच, शिवाय आपल्या हवामान खात्याची जाळी, म्हणजे नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येकीला दिलेला आकडा. यातलं काय घ्यायचं?

मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. तो बिघाड लगेच पकडला गेला, कारण आकडाच अचाट होता. नवा तापमापक नेहमी अर्धा अंश जास्त दाखवू लागला तर मात्र कुणाला पत्ताही लागत नाही, आणि शतकाच्या कलात अर्धा अंश म्हणजे फार झालं. केंद्र हलतं, नोंदीची वेळ बदलते, भोवती इमारती उभ्या राहतात. या छुप्या उड्यांचं काय करायचं, यावरच या संचांच्या वाटा वेगळ्या होतात.

अमेरिकेच्या नोआ या हवामान-महासागर संस्थेचा जीएचसीएन-मासिक प्रत्येक केंद्राची शेजारच्या केंद्रांशी जोड्या लावून तुलना करतो. एकटंच केंद्र अचानक वर किंवा खाली गेलं, तर त्याचा आधीचा भाग तेवढ्या फरकानं सरकवला जातो. चौथ्या आवृत्तीत २५ हजारांहून अधिक केंद्रं आहेत. मूळ आणि दुरुस्त अशा दोन्ही नोंदी मिळतात, आणि मला तरी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवा, दुरुस्ती कुठे आणि किती झाली ते उघड दिसतं.

बर्कली अर्थ उडी दिसली की नोंद तिथे कापतं आणि दोन तुकडे दोन स्वतंत्र केंद्रं समजून जुळवतं. त्यामुळे तुटक, आखूड नोंदीही कामी येतात आणि आलेख १७५० पर्यंत मागे जातो. त्या काळातली केंद्रं मुख्यतः युरोपातली, तेव्हा त्या टोकावरून भारताबद्दल काही बोलू नये. शहराचं नाव टाकलं की तयार आलेखही मिळतो, पण तो भोवतालच्या प्रदेशाचा अंदाज असतो. त्या शहरातल्या वेधशाळेची ती नोंद नव्हे. इथे बरेच जण फसतात.

जगाच्या सरासरीत हे दोन्ही आलेख जवळपास एकमेकांवर बसतात. दुबळेपणाही समान: दोघांनाही शेजारी लागतात. देशभर एकाच वेळी उपकरणं बदलली तर तुलनेतून काहीच कळत नाही.

ब्रिटनचा क्रूटेम५ १८५० पासूनचा आहे. जुना, सावध संच. पण त्याची नकाशावरची चौकट अक्षांश-रेखांशांच्या ५ अंशांची, आणि अख्ख्या चौकटीला एकच आकडा. मुंबई, पुणे, महाबळेश्वर आणि पणजी एकाच चौकटीत येतात! जागतिक कलासाठी उत्तम, जिल्ह्यासाठी निरुपयोगी.

ईआरए५ मोहात पाडतं. १९४० पासून, तासातासाचं, सुमारे ३१ किलोमीटरवर एक आकडा आणि कुठेही खाडा नाही. खाडा नाही याचं कारण असं की ते संगणकी प्रारूपात निरीक्षणं मिसळून तयार केलेलं पुनर्विश्लेषण आहे. आत जाणारी निरीक्षणं काळानुसार बदलत गेली, विशेषतः १९७० च्या दशकात उपग्रह आल्यावर. एखाद्या उष्ण लाटेचा अभ्यास करायचा तर बिनधास्त वापरा. दीर्घ कलासाठी मी त्यावर एकट्यावर भिस्त ठेवणार नाही. घाटमाथ्यावर तर आणखी जपून, कारण डोंगर आणि पायथा एकाच चौकटीत सपाट होतात.

राहिली हवामान खात्याची १ अंशाच्या (अक्षांश-रेखांश) चौकटींची जाळी. ती १९५१ पासूनचं रोजचं कमाल-किमान तापमान देते. चंद्रपूर परिसरात ४५ अंशांवरचे दिवस वाढले का, हा प्रश्न मासिक संचांना विचारताच येत नाही. तिथे हीच घ्यावी. फायलीत रिकाम्या जागी ९९.९ असतं, ते आधी काढा. नाहीतर विदर्भ उकळायला लागेल.

विभागाचं हवामान बदललं का, हे पाहायचं असेल तर जीएचसीएनची दुरुस्त नोंद घ्या आणि बर्कलीशी ताडून पाहा. पुण्यात राहणाऱ्याला प्रत्यक्ष किती उकडतं, हा प्रश्न असेल तर दुरुस्त नोंद चुकीची ठरू शकते, कारण सिमेंटची उष्णता हाच तुमचा विषय आणि दुरुस्तीत नेमका त्यातलाच काही भाग गळतो. तिथे शिवाजीनगर वेधशाळेची मूळ नोंद हवी, आणि केंद्र कधी हललं, उपकरण कधी बदललं याची माहितीही.

आकडे एकमेकांशेजारी मांडण्याआधी आधारकाळ तपासा, म्हणजे ज्या वर्षांच्या सरासरीपासून वाढ मोजली तो काळ. क्रूटेमचा १९६१-१९९०, नासाच्या संचाचा १९५१-१९८०, तर हवामान खात्याचा आता १९९१-२०२०. २०२४ हे भारतातलं १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, तरी सरासरीपेक्षा वाढ ०.६५ अंशच दिसते. ती सरासरीच मुळात तापलेल्या तीस वर्षांची आहे. सगळे संच एकाच आधारकाळावर आणल्याशिवाय 'अमक्यानं कमी दाखवलं' असं लिहू नका.