नोजल गेल्याचे सांगून घेतलेले ८४,२०० रुपये

माल भरलेली डिझेल पिकअप चढावर अडखळू लागली आणि गॅरेजवाल्याने बॉनेट नीट उघडण्याआधीच ‘चारही नोजल गेले’ (नोजल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग) असा निकाल दिला, तर गाडीची चावी परत मागून घ्यावी. मी ती मागितली नाही, आणि त्यापायी ८४,२०० रुपये गेले. प्रत्येकी १४,५०० प्रमाणे चार नोजलचे ५८,०००, टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याच्या, तथाकथित दुरुस्तीचे १८,५००, मजुरी ६,२०० आणि स्कॅनिंगचे १,५००, असा तो हिशेब होता. यांपैकी ४०,००० रुपये आगाऊ म्हणून मोबाइलवरून दिले आणि उरलेले ४४,२०० रोख दिले, कारण पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल असे सांगण्यात आले. हे कशासाठी सांगतात ते सर्वांना ठाऊक असते. तरीही भाड्याचा माल अडकलेला असताना आणखी पंधरा हजार कोण मोजणार?

तक्रार साधी होती. गाडी बीएस-६ आहे. रिकामी असताना काही जाणवत नसे, परंतु भार घेऊन तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नसे आणि मग ती झटका देऊन उचलत असे. कधी इंजिनाचा दिवा पेटे आणि ताकद एकदम उतरे. मात्र थंड इंजिन पहिल्याच सेल्फला चालू होत होते, आयडलिंग स्थिर होते, थरथर नव्हती.

आता ज्या क्षणाचा मला सर्वाधिक संताप येतो, त्याविषयी. त्या माणसाने स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर पी ०२९९ हा बिघाडाचा कोड होता. मी तो वाचला, इतकेच नव्हे तर मोबाइलवर त्याचे छायाचित्रही घेतले. हा कोड टर्बोकडून मिळणारा हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडत असल्याचे सांगतो. नोजलना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधील इंधनाचा दाब कमी पडला असता तर पी ००८७ आला असता. म्हणजे पडद्यावर तक्रार हवेची होती आणि तोंडी निदान इंधनाचे चालले होते, तेही पहिल्या सेल्फला चालू होऊन शांत उभ्या असलेल्या इंजिनासमोर. मी तसे विचारलेही. त्यावर उत्तर आले, ‘‘मालक, कोड वरवरचे दाखवतो, मूळ रोग तुम्हाला दिसणार नाही.’’ कोड म्हणजे बिघडलेला भाग नव्हे, हे खरेच आहे आणि नेमके म्हणूनच ते पटले. अनोळखी रस्त्यावर, गाडीत दुसऱ्याचा माल असताना, शांतपणे वाद घालणारा चालक मला कुणीतरी दाखवावा.

त्यानंतर त्याने कोड पुसून टाकला. कोड पुसू देऊ नका. बिघाड झाला तेव्हाचा वेग, भार आणि इंजिनाचे फेरे यांची त्यासोबतची नोंदही पुसली जाते, आणि तुमचा पुरावा तीच असते. माझ्याजवळ फक्त छायाचित्र उरले.

‘दुरुस्ती’नंतरची चाचणी रिकाम्या गाडीवर, सपाट रस्त्यावर घेण्यात आली. अशा चाचणीला काडीचाही अर्थ नाही, कारण भार नसताना टर्बोचा दाब फारसा चढतच नाही आणि दोष झाकलेला राहतो. माल भरून पहिल्या घाटात शिरलो तेव्हा गाडी पूर्वीसारखीच अडखळली.

दुसऱ्या मिस्त्रीने आधी नोजलला हातच लावला नाही. त्याने टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतचा आणि तेथून इंजिनात हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी होज, म्हणजे हवेची नळी, हाताने दाबत तपासला. एका क्लॅम्पच्या मागे तेलकट काजळीचा डाग होता आणि होज तेथेच उभा चिरला होता. इंजिन थंड व शांत असताना ती चीर मिटलेली राहते आणि दाब चढला की उघडते. नवा होज, दोन क्लॅम्प आणि मजुरी मिळून १,८५० रुपये झाले. मग भारासह गाडी चालवून त्याने स्कॅनरवर इंजिनाने मागितलेला हवेचा दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारीशेजारी दाखवले. हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नोजलवर संशय असेलच, तर रिटर्नच्या, म्हणजे जास्तीचे डिझेल परत नेणाऱ्या, नळ्या चार बाटल्यांत सोडून कोणता नोजल किती डिझेल परत टाकतो ते आधी मोजून मागावे. डिझेल फिल्टर आणि त्यातले पाणी तर त्याच्याही आधी.

खरी चीड पुढे आहे. प्रत्येक नोजलवर त्याचा स्वतःचा वेगळा ओळख-कोड असतो (हा बिघाडाचा कोड नव्हे) आणि नोजल बदलल्यावर तो ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो. आधीच्या सर्व्हिसिंगचा स्कॅनर अहवाल माझ्याजवळ होता. त्यातले चारही कोड आणि इंजिनावर आजही बसलेल्या नोजलवरचे कोड अक्षरशः तेच निघाले. नोजल बदललेच नव्हते. फडक्यात गुंडाळून दिलेले ‘जुने’ नोजल कुठल्या भलत्याच गाडीचे होते, त्यांचा कनेक्टरसुद्धा माझ्या वायरिंगला बसत नाही. काम सुरू होण्यापूर्वी नोजलवरच्या कोडची छायाचित्रे काढून ठेवा.

एवढा पुरावा घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, तर हे दिवाणी प्रकरण असल्याचे ऐकवले गेले. न बदललेल्या भागाचे पैसे घेणे दिवाणी कसे, आणि भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीविषयीचे कलम ३१८ मग कशासाठी आहे, या प्रश्नावर अर्ज ठेवून जाण्यास सांगितले. पोच मात्र मागून मागून मिळाली. परिवहन कार्यालयाने खासगी गॅरेज आपल्या कक्षेत येत नसल्याचे सांगितले. मग कुणाच्या कक्षेत येते, हे त्या खिडकीवर कुणालाही ठाऊक नव्हते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण ती आदेश देऊ शकत नाही. आणखी एका कार्यालयातील गृहस्थांनी तर कागद न वाचताच, गाडी मालवाहू आहे म्हणजे वापर व्यापारी आहे, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असा निवाडा देऊन टाकला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरण त्यांना मीच वाचून दाखवले: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी केलेला वापर ‘व्यापारी’ ठरत नाही. स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणाऱ्यांनी हा उतारा छापून जवळ ठेवावा, कारण तुम्हालाही याच वाक्याने परत पाठवले जाईल.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, ती स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही चालते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मी ती दाखल केली आहे. आता अडले आहे ते तज्ज्ञाच्या लेखी मतावर. होजची चीर पाहून हसलेले मिस्त्री पुष्कळ आहेत, पण तेच लेटरहेडवर लिहून सही करण्याची वेळ आली की प्रत्येकाला धंद्यातले संबंध आठवतात. होज बदलणाऱ्या मिस्त्रीने मात्र नोजलवरच्या कोडचा तक्ता स्वतःच्या सहीने दिला, आणि तेवढ्याच कागदावर मी ८४,२०० रुपये व नुकसानभरपाई मागितली आहे.