दुबईतला जडाईचा पगार: तीन हजार दिरहम कुठल्या कागदावर होते?

मी जडाई कारागीर. आधी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मग बारा वर्षं मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिन्यांत हिरे बसवले. सगळं धरून महिन्याला 28 हजार सुटायचे. 2023 मध्ये ओळखीतून एक एजंट भेटला. म्हणाला, ‘‘दादा, दुबईत तीन हजार दिरहम पगार, राहणं कंपनीचं.’’ तेव्हा दिरहम 22 रुपयांच्या वर होता. मी आणि बायकोने मोबाइलवर गुणाकार केला, 66 हजार. तिथेच आम्ही भुललो.

एजंटने 90 हजार घेतले. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून दिले. पावती मागितली, तर ‘‘आपल्या माणसावर विश्वास नाही का?’’ आपल्याकडे नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून 30 हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. हे मला परत आल्यावर कळलं.

करारपत्र निघायच्या आदल्या रात्री हातात पडलं. अरबी आणि इंग्रजीत. मूळ पगार 1,200. एजंट म्हणाला, ‘‘ते कागदोपत्री हो, हातात तीन हजारच पडणार.’’ मी सही केली. त्या करारात हिंदीचीही सोय असते, ती मागायची हे कुणी सांगितलं नाही.

दुबईच्या देरा भागातल्या कारखान्यात पोचल्याबरोबर व्हिसाच्या कामाला म्हणून पासपोर्ट काढून घेतला. पहिल्या पगारात 1,200 जमा झाले. त्यातून जेवणाचे गेले, आणि घटीचे, म्हणजे काम करताना कमी भरलेल्या सोन्याचे.

घटीचं नीट सांगतो, कारण कारागीर तिथेच मारला जातो. सीप्झमध्ये संध्याकाळी कामाच्या टेबलाचा खण झाडायचा, अ‍ॅप्रन झटकायचा, हात धुवायचे, आणि सोन्याचा कीस आपल्या डोळ्यांसमोर काट्यावर चढायचा. दुबईत मात्र किसाची डबी बंद होऊन मॅनेजरच्या खोलीत जायची आणि सकाळी चिठ्ठी यायची, अर्धा ग्रॅम कमी. काटा मी एकदाही पाहिला नाही. पैसे मात्र कापले गेले.

शेवटी तिथल्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. भारतीय वाणिज्य दूतावासाच्या मदत केंद्रातल्या लोकांनी अर्ज भरून दिला, धीर दिला, त्यांचे उपकार विसरणार नाही. पासपोर्ट परत मिळाला, कापलेल्यातलं थोडंफार मिळालं. पण वरचे अठराशे कुठल्याच कागदावर नव्हते, त्यामुळे मागायला जागाच नव्हती. सात महिन्यांत परतलो.

आता गुजरीतली पोरं दुबईचे, बँकॉकचे, इटलीतल्या अरेझोचे पगार दाखवतात, युरोचे रुपये करून. मी विचारतो, बाळा, हा आकडा करारात मूळ पगाराच्या ओळीत आहे का? राहण्या-जेवणाचे कोण भरणार? घट कुणासमोर तोलणार? एजंटने पावती दिली का?

आमच्या पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.