नजरेने बोलण्याच्या यंत्राचे आठ महिने

बाबांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी करणारा आजार. आधी हात गेले, मग वाचा गेली. या आजारात डोळे हलवणारे स्नायू बहुधा सगळ्यात उशिरापर्यंत साथ देतात, म्हणून नजरेवर चालणारं हे यंत्र घेतलं. कर्वेनगरच्या आमच्या घरी त्याला आठ महिने झाले.

स्क्रीनखालच्या पट्टीतून डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश पडतो. बुबुळावरची त्याची चमक आणि बाहुलीची जागा बघून कॅमेरा नजर ओळखतो. अक्षरावर नजर थोडा वेळ थांबली की ते उमटतं. हा वेळ आम्ही १.२ सेकंदांवरून ०.८ वर आणलाय.

पहिला महिना खिडकीने खाल्ला. सकाळचं ऊन चेहऱ्यावर आलं की कर्सर भलतीकडे पळायचा. उन्हातही इन्फ्रारेड असतं, हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. तो नुसतं 'परत कॅलिब्रेट करा', म्हणजे यंत्राला नजर नव्याने जुळवून द्या, म्हणत राहिला. शेवटी पलंगच फिरवला. डोळे कोरडे पडले की अजूनही चुकतं. थेंब घालून दहा मिनिटं थांबतो.

खरी दमछाक मराठीची. 'पाणी'ला चार निवडी पुरतात, पण 'स्वच्छ' लिहायला सहा, कारण प्रत्येक जोडाक्षराला हलन्त वेगळा. रोमनमध्ये लिहिलं तर ते वाचून दाखवणारा यंत्राचा इंग्रजी आवाज त्याचं काहीतरी भलतंच करतो. त्यामुळे रोजची वाक्यं बटणांवर ठेवली आहेत, आणि ती बाबांच्याच शब्दांत. 'कृपया माझी कूस बदला' असं ते आयुष्यात कधी बोलले नसते.

बोलता येत होतं तेव्हा त्यांची चाळीसेक वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड केली होती, तीही बटणांना जोडली. बाबा एसटीत कंडक्टर होते, स्वारगेट डेपोला. कूस बदलायची असली की त्यांच्या आवाजात 'चला, पुढे सरका' ऐकू येतं. पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली होती. आजाराचं निदान झालंय आणि आवाज अजून आहे, अशा प्रत्येक घराला माझं कळकळीचं सांगणं आहे: आजच रेकॉर्डिंग करा.

वीज गेली आणि बॅटरी संपली तर अक्षरं लिहिलेली अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पाटी आहेच. मी समोर धरते, ते बघतात, मी अक्षर मोठ्याने म्हणते. एवढा खर्च करण्याआधी गूगलचं 'लुक टू स्पीक' हे मोफत अँड्रॉइड अ‍ॅपही बघा. त्यात डावी-उजवीकडे बघून वाक्य निवडायचं, वर बघून रद्द करायचं.

भेटायला येणारे बाबांचं अर्धं वाक्य स्वतःच पुरं करतात, याचा त्यांना फार त्रास होतो. परवा एका काकांना मी हाताने थांबवलं. चार मिनिटांनी स्क्रीनवर आलं, 'तुझ्या गुडघ्याचं काय झालं?'

प्रत्यक्ष बघायचं असेल तर मला विचारून दुपारी चारनंतर या. तेव्हा त्यांची झोप झालेली असते आणि डोळे ताजे असतात.